पाटलीण आणि तिच्या मागचा नाकेदार

जंगलात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "वाघ किती पाहिले?" लग्नात विचारतात, तेरवीत विचारतात. परवा दाढ काढायला गेलो तर डॉक्टरांनी माझ्या तोंडात चिमटा घालून हेच विचारलं. आता मी काय बोलणार! वाघ पाहिले, भरपूर पाहिले. पण वाघ दिसतो आणि निघून जातो, त्याचं आपल्याशी काही देणंघेणं नसतं. खरं सांगू का, माझ्या नोकरीतली सगळ्यात सुखाची दोन वर्षं कुत्र्यांच्या मागं गेली. हे ऐकलं की लोक हसतात. माझी बायको तर अजून पाहुण्यांना सांगते, "चौतीस वर्ष खाकी घातली अना शेवटी कुत्र्यायच्या मांगं फिरले."

बाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगतो. कागदावर मी वनरक्षक. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडाऱ्याच्या बाजूला, वनरक्षक कुणी म्हणत नाही, नाकेदार म्हणतात. नाकेदाराच्या ताब्यात जंगलाचा एक तुकडा असतो, त्याला बीट म्हणायचं. त्या बीटात झाड तुटलं, आग लागली, जनावर मेलं, माणूस हरवला, की जाब नाकेदाराला. माझं शेवटचं बीट पवनी तालुक्यात होतं, अड्याळहून बरंच आत. जंगलाच्या कडेला पन्नासेक घरांचं एक गाव होतं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात गावाचीही चूक आहे आणि माझीही. माझं नाव संपादक छापणारच आहेत, तेवढं पुरे.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना रानकुत्र्यांचा अभ्यास करायला पुण्याकडची एक मुलगी आली. ईशा तिचं नाव. आम्ही मॅडम म्हणायचो आणि ती मला काका म्हणायची. पहिल्याच दिवशी तिनं मोबाइलवर आफ्रिकेतले रानकुत्रे दाखवले. अंगावर काळे, पिवळे, पांढरे डाग आणि कान हे एवढाले. तिला खरं तर तिकडं जायचं होतं, ते काही जमलं नाही, म्हणून भंडारा जिल्ह्यात आली. मी म्हटलं, "मॅडम, आफ्रिकेचा माल इथं मिळत नाही. पण आमचे लाल कुत्रेही काही कमी नाहीत." ती हसली आणि वही काढली. तिला असा माणूस हवा होता, जो रोज उजाडायच्या आत कळपाच्या मागं पायी लागेल आणि काय झालं ते लिहून ठेवील. आरएफओ साहेबांनी, म्हणजे आमच्या वनक्षेत्रपालांनी, सगळ्या नाकेदारांना विचारलं. तरुण पोरं खाली पाहू लागली. मीही पाहत होतो, पण बसल्या जागी जरा सरकलो आणि माझे गुडघे असे काही वाजले की साहेबांनी वळून माझ्याकडंच पाहिलं. झालं, ठरलं.

माझ्या जोडीला वनमजूर कवडू. वयानं माझ्याएवढाच, अंगावर मांस नाही आणि खिशात नेहमी विड्या. शेण पाहून जनावर किती वेळापूर्वी गेलं ते सांगायचा, आणि चूक निघाली तर शेणाला शिव्या द्यायचा.

रानकुत्रा गावातल्या कुत्र्यासारखा भुंकत नाही. तो शीळ घालतो. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, कोणी ढोरकी गाई वळवतोय. रंग विटकरी, शेपूट काळी आणि झुबकेदार. माणसाच्या अंगावर तो येत नाही. चौतीस वर्षांत आला असं मी ना पाहिलं, ना ऐकलं. माणूस दिसला की दहा पावलं मागं सरून उभा राहतो आणि आपल्याकडं पाहतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भानगड त्याच्या या सभ्यपणातूनच झाली.

कळपात नऊ मोठे होते. म्होरकी एक मादी, मान ताठ ठेवून चालायची. ती उठली की सगळे उठायचे, ती बसली की बसायचे. कवडू म्हणाला, "हे तं पाटलीन हाय जी." तेच नाव पडलं. मॅडमनी तिला वहीत काहीतरी नंबर दिला होता, पण दोन महिन्यांत त्याही फोनवर विचारू लागल्या, "काका, पाटलीण कशी आहे?" तिचा नवरा कानतुट्या. एक कान अर्धा गेलेला आणि स्वभावानं अगदी गरीब. आमच्या घरातही साधारण अशीच व्यवस्था आहे, म्हणून मला त्याच्याबद्दल जरा जास्त माया.

मागं कसं लागायचं, तेही सांगतो. पळायचं नाही. पळून रानकुत्रा कुणाला सापडलेला नाही. दोन पायवाटा मिळतात तिथं ही मंडळी एकाच जागी हागायला बसतात, सगळं कुटुंब. तिथं पहाटे जाऊन पाहायचं, ताजं असेल तर कळप जवळ आहे. मग ऐकायचं. चितळ ओरडलं, वानर खाकरलं की त्या अंगाला निघायचं. मध्येच शीळ येते, एक इकडून, एक तिकडून. ते एकमेकांना सांगत असतात, मी इथं आहे, तू कुठं आहेस. आपण मधल्या रानात गप उभं राहायचं. थंडीनं नाक गळत असतं आणि पुसताही येत नाही.

पहिली शिकार पाहिली ती एका बोडीवर. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला बांधलेलं लहान तळं. चितळाची मादी धावत आली आणि सरळ पाण्यात शिरली, गळ्यापर्यंत. मला वाटलं, सुटली. कुत्रे काठावर बसले, चारी बाजूंनी, घाई म्हणून नाही. कानतुट्या तर चक्क अंग चाटत बसला. अर्ध्या तासानं चितळ थंडीनं काकडून बाहेर आलं आणि मग जे झालं ते मी वर्णन करत नाही. रानकुत्रा नरडं धरून आधी मारत बसत नाही, खायलाच लागतो. लोकांचा त्याच्यावर राग आहे तो यामुळंच. मलाही त्या दिवशी डबा गेला नाही. कवडू म्हणाला, "नाकेदार, तुमी बाजारातून कोंबडी आनता तवा पायता का तिकडं?" हळूहळू सवय झाली. सवय झाल्यावर दिसू लागलं की त्यांच्यात भांडण नाही. आजारी कुत्र्यालाही वाटा मिळतो आणि लहानांना आधी खाऊ देतात. मी तोपर्यंत पाहिलेल्या बऱ्याच पंगतींपेक्षा ती पंगत बरी होती.

पर्यटकांचा एक किस्सा सांगतो. नागपूरचे एक गृहस्थ सहकुटुंब सफारीला आले होते. त्या दिवशी गाइड आला नाही म्हणून मला जिप्सीत बसवलं. वाघ काही दिसेना. पाटलिणीचा कळप रस्त्याच्या कडेला बसलेला दिसला, मी मोठ्या उत्साहानं गाडी थांबवली. गृहस्थ चिडले, "कुत्रे पाहायले आलो का आम्ही? आमच्या गल्लीत बारा आहेत." मी म्हटलं, पाच मिनिटं थांबा. पाटलीण उठली, एक शीळ झाली आणि बांबूतून चितळांचा अख्खा कळप फुटून आमच्या गाडीच्या पुढून मागून उधळला. एक पाडस बोनेटला घासून गेलं. त्यांच्यामागून लाल रेघा सुटल्या. अर्ध्या मिनिटात सगळं शांत. गृहस्थांच्या गळ्यात कॅमेरा तसाच लटकत होता, त्यांनी हातसुद्धा लावला नव्हता. परतल्यावर गेटवर उतरताना बायकोला म्हणाले, "आपल्या गल्लीतले साले आळशी आहेत." असं काही झालं की मला आठवडाभर बरं वाटायचं, उगाच नाही सांगत.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात पाटलीण दिसेनाशी झाली. शिकारीला कानतुट्या आणि बाकीचे येत, तीच नसे. एका नाल्याच्या खडकाळ काठात भुयार सापडलं. पाटलीण व्याली होती. पंधरवड्यानं लांबून दुर्बिणीतून पिल्लं मोजली, सात. मी मॅडमना फोन करून सांगितलं तेव्हा माझा आवाज इतका चढला होता की बायकोला वाटलं सुनेकडून काही बातमी आली. रानकुत्र्यांची पिल्लं सगळ्या कळपाची असतात. मोठे शिकार करतात, पोटात मांस भरून नेतात आणि भुयारापाशी ओकून पिल्लांना आणि आईला खाऊ घालतात. घाण वाटेल वाचायला, पण डबा न्यायची त्यांची तीच रीत आहे.

त्या दिवसांत मॅडमनी एक नियम घालून दिला होता. शिकार झाली की आपण लांबून पाच मिनिटं पाहायचं, वेळ लिहायची आणि निघून यायचं. कुत्र्यांना निवांत खाऊ द्यायचं. दोन तासांनी परत जाऊन उरलेली हाडं गोळा करायची, त्यावरून जनावराचं वय कळतं. आता दाट रानात दोन तासांनी तीच जागा सापडावी कशी? त्याला आमची जुनी पद्धत. वाट फुटते तिथं पळसाची एक फांदी मोडून जमिनीवर ठेवायची, देठ शिकारीच्या दिशेला. मागून येणारा मजूर देठ पाहत बरोबर पोचतो. मी नोकरीला लागलो तेव्हा ज्यांच्या हाताखाली होतो त्या म्हाताऱ्या नाकेदारांनी मला हे शिकवलं होतं, आणि मी ते इमानानं पाळत होतो. शिकारीपासून गाडीरस्त्यापर्यंत प्रत्येक फाट्यावर एक फांदी.

मग एक नवल होऊ लागलं. दोन तासांनी आम्ही जागेवर जायचो तर हाडच नाही. रक्त, पोटातलं अर्धपचलं गवत आणि तुडवलेली माती. आधी कवटी, कातडं, मांडीची हाडं तरी मिळायची. मी वहीत लिहिलं, "दोन तासांत पूर्ण फस्त. अवशेष नाहीत." एकदा झालं, दोनदा झालं, मग रोजचंच. मॅडम चकित झाल्या. म्हणाल्या, "काका, पिल्लांमुळं त्यांची भूक वाढली असेल, पण हाडंसुद्धा? हे कुणीच लिहिलेलं नाही अजून." झालं! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पवनीच्या चहाच्या टपरीवर मी सांगायचो, माझी पाटलीण हाडसुद्धा ठेवत नाही. शेजारच्या बीटांतल्या नाकेदारांना सांगितलं, साडूला फोन करून सांगितलं. कवडू एकदा म्हणाला, "साहेब, मले काई बरोबर नाई वाटून राहिलं. शेपूट तरी पायजे होती." मी त्याला गप केलं. दहावी पास नाकेदाराचं नाव मॅडमच्या संशोधनाच्या इंग्रजी पेपरात येणार होतं, तिथं शेपटीचं काय घेऊन बसलास!

कुत्रे वाळू लागले होते, ते मला दिसत होतं. कानतुट्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. सकाळी शिकार, पुन्हा संध्याकाळी शिकार, तरी पोटं खपाटीला. मी लिहिलं, "पिल्लांचा ताण." शाबास नाकेदार.

एके दिवशी सकाळी कवडू सायकल दामटत आला. रानकुत्र्यांनी गावातलं एक गोऱ्हं मारलं होतं, लाखोरी डाळीच्या बांधीला, म्हणजे शेताच्या तुकड्याला, लागून, नाल्याच्या तोंडाशी. गोऱ्हं भागरताबाईचं. ही विधवा बाई साठीच्या पुढची, मोहफुलं वेचणारी, तेंदूपानं तोडणारी. घरी दोन गाई आणि हरिदास नावाचा तिशीतला मुलगा. जंगलात रोज भेटायची. मी दटावलं की "हाव जी, हाव जी" म्हणायची आणि आपल्याला करायचं तेच करायची.

गुरांचे डॉक्टर आले, पंचनामा झाला, कागदावर सह्या झाल्या. डॉक्टर निघून गेले आणि गाव मात्र तिथंच उभं राहिलं. गोऱ्हं मागच्या बाजूनं अर्धं खाल्लेलं पडलं होतं. भरल्या पोटी कुत्रे गेले नव्हते, कोणीतरी आरडाओरडा करून हाकललं होतं. म्हणजे ते संध्याकाळी परत येणार, हे मला दिसत होतं. म्हणून मी हरिदासला म्हटलं, "हे आत्ताच्या आत्ता पुरून टाका."

तो म्हणाला, "पंचनामा झाला ना? तुमचं काम झालं. जा तुमी."

"पुरा म्हणतो ना!"

"आमचं गोऱ्हं हाय. आमी काई बी करू."

त्याच्या बोलण्यात असं काही होतं की मला विषाचा संशय आला. आणि भीती वाटली की मी काय करतो, तर खाकी डोक्यात चढवतो. मी ओरडलो, "काही औषधबिषध टाकाल तर एकेकाला आत टाकीन! केस करीन!"

"करा ना केस," मागून दोघंतिघं म्हणाले. कोणी हसलंसुद्धा.

तेव्हा भागरताबाई पुढं आली. तिच्या हातात गोऱ्ह्याचं दावं होतं. शांतपणे म्हणाली, "नाकेदार, मले एक सांगा. एवढे वर्ष झाले, कुत्रे कदी गावात आले नाई. आताच काहून आले?"

मी भाषण सुरू केलं. पिल्लं झाली आहेत, भूक वाढली आहे, असं आणि तसं. तिनं ऐकून घेतलं.

"नाई जी. त्यायचं चितळ आमी खाल्लं, म्हून थे आमचं गोऱ्हं खाऊन राहिले."

"माय!" हरिदास ओरडला.

"माय का? खोटं हाय का? गेला महिना-दीड महिना सारं गाव मास खाऊन राहिलं. मी बी खाल्लं." आणि माझ्याकडं वळून, "अना रानात मास कुठं पडलं हाय थे आमाले कोनं दावलं? तुमच्या फांदीनं दावलं. या गावात शेंबड्या लेकरालेबी समजते देठ कुठं दावते थे. तुमी फांदी ठेवून जाता, पोट्टे जातात, कुत्र्यायले हाकलतात. थे बिचारे उभे राहून पायतात."

आता काय सांगू! रक्त, तुडवलेली माती, नसलेली शेपूट, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. रानकुत्र्यांची शिकार उचलून आणायची रीत आमच्या भागात जुनी आहे, हे मला ठाऊक होतं. म्हातारे सांगतात, पण तेही कधीमधी सापडली तर आणायचे आणि एक तंगडी कुत्र्यांसाठी टाकून यायचे. कायद्यानं तो गुन्हा आहे. आणि मी, नाकेदार, सरकारी पगारात रोज सकाळी गावाला वाट आखून देत होतो. भुयारातली सात पिल्लं उपाशी होती आणि मी टपरीवर मिशीला पीळ देत होतो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

बाई थांबली नव्हती. "माह्या पोरानं मास आनलं, थो चोर. त्याले आत टाका. पन तुमी रस्ता दावला, तं तुमी कोन?"

सगळं गाव माझ्या तोंडाकडं पाहत होतं. केस केली असती तर करता आली असती, आता तर कबुलीही होती. पण मग त्या गोऱ्ह्यावर काय पडलं असतं आणि संध्याकाळी नऊ कुत्र्यांचं काय झालं असतं, ते मला दिसत होतं. नऊ मेले की सात भुयारात आपोआप गेले. मी टोपी काढली. म्हणालो, "चूक झाली. माझी चूक झाली. मी पाहायला पाहिजे होतं, पाहिलं नाही. मोठेपणा मिरवत बसलो." गणवेश अंगावर असताना हे शब्द मी गावापुढं कधी बोललो नव्हतो. साहेबापुढं पुष्कळ वेळा बोललो होतो, ते वेगळं.

मग हरिदासनं मान खाली घातली आणि पुटपुटला, "मी टाकलं."

"काय टाकलं?"

"धानाचं औषध. तुमी यायच्या आंदीच. मांडीवर."

भागरताबाईनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "खड्डा खन."

उन्हं कलली होती. धान निघून गेलेली जमीन, वरून कडक, फावडं ठण्णकन उडायचं. हरिदास कुदळ घेऊन, कवडू फावडं घेऊन आणि मी गुडघ्यावर बसून माती ओढत होतो. कमरेइतका तरी खड्डा हवा, नाहीतर कुत्रे उकरून काढतात. अर्धा झाला असेल नसेल, नाल्याच्या पलीकडून शीळ आली. सगळ्यांचे हात थांबले. दुसरी शीळ आली, जरा जवळून.

आणि पाटलीण बाहेर आली. पिल्लं झाल्यापासून ती शिकारीला येत नव्हती, त्या दिवशी आली होती. पन्नास पावलांवर, झुडपाच्या कडेला उभी. मागं कानतुट्या आणि आणखी दोघं. ती हाडकली होती आणि पोटाखाली सड लोंबत होते. आमच्याकडं पाहत होती, गोऱ्ह्याकडं पाहत होती. माणसं होती म्हणून पुढं येत नव्हती, पण जातही नव्हती. भूक होती ना.

हरिदास म्हणाला, "दूध पाजते का जी थे?"

"सात आहेत," मी म्हटलं.

त्यानं कुदळ उचलली आणि असा सुटला की मला बाजूला व्हावं लागलं. मग न सांगता आणखी चार जण उतरले. जे मघाशी हसले होते तेच. बायांनी नाल्यातले दगड आणायला सुरुवात केली. कोणी कुत्र्यांच्या अंगावर ओरडलं नाही की दगड भिरकावला नाही. गोऱ्हं आत ओढलं, रक्ताची मातीसुद्धा खरवडून आत टाकली, वर माती, त्यावर दगड. दिवस बुडायच्या आत झालं. पाटलीण शेवटपर्यंत उभी होती. मग एक शीळ झाली आणि ते निघून गेले, उपाशीच. मी तिथं बांधावर बसलो आणि मला रडू आलं. कवडूनं विडी पुढं केली. मी विडी ओढत नाही, त्या दिवशी ओढली.

केस मी केली नाही. कायद्याच्या पुस्तकात हे बसत नाही, मला माहीत आहे. आता निवृत्त आहे म्हणून लिहितो.

मॅडमना फोन करायला दोन दिवस धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. दीड महिन्याचं त्यांचं काम वाया गेलं होतं. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं."

"म्हणून तर सांगितलं," मी म्हटलं.

त्यांनी ती पानं वहीतून काढून टाकली. माझं नाव काही पेपरात आलं नाही, साडूनं त्यावरून अजून छळणं सोडलेलं नाही. फांद्या ठेवणं मी बंद केलं, झाडं लक्षात ठेवू लागलो. हरिदास काही साधू झाला नाही. भेटला की डोळा मारून विचारायचा, "नाकेदार, एखादी तंगडी?" मी काठी उगारायचो. पण जागेवर पुन्हा कवटी सापडू लागली, कातडं सापडू लागलं. शेपूट सापडली त्या दिवशी कवडूनं ती माझ्यापुढं धरली आणि विडी पेटवली. कानतुट्याच्या अंगावर मांस चढलं.

मोह गळायला लागला तेव्हाची एक सकाळ. नाल्याच्या वरच्या अंगाला कळपानं चितळ पाडलं होतं आणि मी झाडाआड उभा होतो. शेजारच्या मोहाखाली भागरताबाई फुलं वेचत होती. मी बोटानं खूण केली, ती टोपली तिथंच ठेवून हळूच माझ्याजवळ आली. समोर मोठे कुत्रे शिकार सोडून बाजूला बसले होते. पाटलीण झुडपात गेली आणि पिल्लं घेऊन बाहेर आली. पहिल्यांदाच शिकारीवर आणली होती. ती एकमेकांच्या अंगावर पडत, धडपडत चितळावर तुटून पडली.

बाईनं कुजबुजत विचारलं, "किती हायेत जी?"

मी दोनदा मोजली. "पाच."

"सात होते ना?"

"हो. सात होते."

दोन कशानं गेली, ते कोणी सांगू शकत नाही. रानात पिल्लं जातातच, मॅडमही तेच म्हणाल्या. पण आम्ही दोघंही एकमेकांकडं न पाहता समोरच पाहत राहिलो. मोठे कुत्रे अजून बाजूलाच बसले होते. पाटलीण आमच्या झाडाकडं टक लावून होती, तिला वास लागला होता. ती दहा पावलं मागं सरली. आता पिल्लांना बोलावून घेणार, इतक्यात भागरताबाईनं माझी बाही ओढली.

"चला नाकेदार," ती म्हणाली. "आपन हाओ तोपर्यंत थे उपाशी राहीन."

मी वही मिटली. शिकारीची वेळ लिहायची राहून गेली होती, ती राहू दिली. आम्ही दोघं पाय न वाजवता मागं सरलो.